कायद्यात आहे, हातात नाही: राष्ट्रीय ओळखपत्राची रखडपट्टी

आधार म्हणजेच राष्ट्रीय ओळखपत्र, असं बहुतेकांनी धरून चाललेलं आहे. कायदा तसं म्हणत नाही. २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम ९ नुसार आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. नागरिकाला द्यायचं राष्ट्रीय ओळखपत्र वेगळं आहे. त्याची तरतूद नागरिकत्व कायद्याच्या कलम १४-अ मध्ये आहे आणि नियम डिसेंबर २००३ मध्ये निघाले. वीस वर्षं उलटली तरी ते कार्ड सोलापुरातच काय, देशात कुठेच सर्वांपर्यंत पोचलेलं नाही. कार्ड रहिवाशाला द्यायचं की नागरिकाला, यावर दिल्लीत दोन खात्यांचं जमलं नाही. त्याचा त्रास मात्र सेतू केंद्राच्या रांगेत उभा राहणारा माणूस काढतोय.

सरकारला नोंदणी जमत नाही असं कुणी म्हणत असेल, तर त्याला सोलापूरच्या सेटलमेंटचा, म्हणजे ब्रिटिशांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना ठेवलेल्या वसाहतीचा, इतिहास सांगावा. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला. १९११ च्या सुधारित कायद्याने या जमातींतल्या माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार दिला. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींची कुटुंबं सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. बाहेर जायचं तर परवानगी, परत आल्यावर हजेरी. कोण कुठे आहे, कधी परतणार, याची नोंद चोख होती. संगणक नव्हता, मशीन नव्हतं, तरी काम अडलं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि कुंपण गेलं. शहरात 'सेटलमेंट' हे नाव मात्र अजून आहे. आता गंमत बघा. या कायद्यातून सुटलेल्या जमातींना आता विमुक्त जाती म्हणतात; त्यांचा जातीचा दाखला काढायचा तर कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आजोबांचे ठसे सरकारने सक्तीने घेतले, त्यांच्याच नातवाकडे सरकार आजोबांचा कागद मागतं.

स्वातंत्र्यानंतर सर्वांसाठी एकच ओळखपत्र असं काही आलं नाही. जी कार्डं आली ती कामापुरती होती. धान्यासाठी रेशन कार्ड होतं, तेच पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून गॅस कनेक्शनपासून शाळेच्या प्रवेशापर्यंत सगळीकडे चालू लागलं. मतदारांना फोटोची कार्डं देण्याचा एक प्रयोग १९६० मध्ये कोलकात्याच्या एका मतदारसंघात झाला होता, तो फसला. पुढची तीस वर्षं फारशी हालचाल नव्हती. १९९३ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी आदेश काढला आणि १ जानेवारी १९९५ नंतर कार्डाशिवाय निवडणूक घेणार नाही असं बजावलं. राज्यांनी खर्चाचं रडगाणं गायलं, प्रकरण कोर्टात गेलं, पण फोटो काढायला सुरुवात झाली. शेषन हट्टी होते, आणि तो हट्ट नसता तर हे कार्डही फायलीत राहिलं असतं, असं माझं मत.

सोलापुरात या सगळ्याच्या जोडीला विडी कामगारांचं ओळखपत्र आहे. १९७६ च्या कायद्याने विडी कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. विड्यांवरचा उपकर त्यात जमा व्हायचा आणि त्यातून दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती, घरकुलाचं अनुदान मिळायचं. शहराच्या पूर्व भागातल्या हजारो बायकांच्या दृष्टीने हे कार्ड फार मोलाचं. सोलापूरजवळच्या कुंभारीत उभ्या राहिलेल्या विडी घरकुलासारख्या योजनेत नाव लागायचं तर आपण विडी कामगार आहोत हे आधी सिद्ध करावं लागतं. जीएसटी आल्यावर, २०१७ मध्ये, तो उपकरच रद्द झाला. कार्ड राहिलं, त्यामागचा पैशाचा झरा आटला.

राष्ट्रीय ओळखपत्राचा विषय खऱ्या अर्थाने वर आला तो कारगिल युद्धानंतर. के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने सीमेवरच्या गावांतल्या लोकांना ओळखपत्रं द्या असं सुचवलं. पुढे मंत्रिगटाने २००१ मध्ये ती कल्पना सगळ्या देशापर्यंत ताणली. त्यातूनच कलम १४-अ आलं. मग १२ राज्यं आणि एका केंद्रशासित प्रदेशातल्या निवडक भागांत बहुउद्देशीय राष्ट्रीय ओळखपत्राची चाचणी सुरू झाली. २००९ मध्ये ती गुंडाळली तेव्हा जेमतेम १२ लाखांच्या आसपास कार्डं वाटून झाली होती. अडचण सरळ होती: नागरिक म्हणून कार्ड द्यायचं तर नागरिकत्व तपासावं लागतं, आणि खेड्यापाड्यांत जन्माचा दाखला असतो कुणाकडे? जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदाच १९६९ चा.

इथून गाडी दोन रुळांवर गेली. जानेवारी २००९ मध्ये विशिष्ट ओळख प्राधिकरण स्थापन झालं, नंदन नीलेकणी त्याचे अध्यक्ष झाले, आणि त्यांनी नागरिकत्वाचा प्रश्न बाजूला ठेवून फक्त रहिवाशाला क्रमांक द्यायचं ठरवलं. पहिला आधार क्रमांक महाराष्ट्रातच दिला गेला, २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. दुसरीकडे गृह मंत्रालय त्याच वर्षी जनगणनेच्या घरयादीबरोबर राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीची माहिती गोळा करत होतं. ठसे दोघांनाही हवे होते. प्राधिकरणाला आधी २० कोटी लोकांचीच मर्यादा होती. चिदंबरम यांचं गृह खातं म्हणत होतं की खाजगी एजन्सींनी गोळा केलेली माहिती सुरक्षेच्या दृष्टीने भरवशाची नाही. डिसेंबर २०११ मध्ये यशवंत सिन्हा यांच्या संसदीय स्थायी समितीने प्राधिकरणाचं विधेयकच नाकारलं. जानेवारी २०१२ मध्ये मंत्रिमंडळाने तोडगा काढला: प्राधिकरण ६० कोटींची नोंदणी करेल, बाकीचे लोकसंख्या नोंदवहीकडे. थोडक्यात, भांडण मिटवलं आणि देश वाटून घेतला. नागरिकत्वाचं कार्ड यात कुठेच उरलं नाही.

सोलापुरात आधार आलं तेव्हा इथल्या अडचणी इथल्याच होत्या. तेंदूपत्ता आणि तंबाखू वर्षानुवर्षं हाताळणाऱ्या बोटांवरच्या रेषा झिजतात, मशीन ठसा घेत नाही. नियमात डोळ्यांच्या बुबुळाचा पर्याय आहे, पण रेशन दुकानात मशीनवर अंगठा उमटला नाही की आधी 'परत या' हेच ऐकायला मिळतं. दुसरी अडचण नावांची. तेलुगू भाषिक पद्मशाली कुटुंबं विणकाम आणि गिरणीच्या कामामागे तेलंगणातून इथे आली. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलने कित्येकांना ओढून आणलं. त्यांची नावं मराठी फॉर्मवर एका तऱ्हेने, इंग्रजीत दुसऱ्या तऱ्हेने उतरतात. एका कार्डावर येमुल, दुसऱ्यावर यमुल, एवढ्यावरून अर्ज परत येतो. मग ॲफिडेव्हिट, नाहीतर गॅझेटमध्ये नाव बदलाची जाहिरात. कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतही हेच. चार भाषांच्या शहरात स्पेलिंगची एकच चौकट लादली की कागद एकमेकांशी भांडणारच.

अलीकडे उशीर वाढला आहे, आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे. अठरा वर्षांवरील माणूस पहिल्यांदाच आधारसाठी गेला तर त्याचे कागद राज्य सरकारकडे पडताळणीला जातात. त्याला १८० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने जन्माच्या उशिरा नोंदणीचे दाखले देणं काही काळ थांबवलं, कारण बांगलादेशींनी असे दाखले मिळवल्याच्या तक्रारी. मार्चमध्ये कडक कार्यपद्धती घालून काम पुन्हा सुरू झालं. संशय काहींवर, थांबली सगळ्यांचीच कामं. त्याच वर्षी बिहारमध्ये मतदार यादीच्या फेरतपासणीत आधार चालणार की नाही यावरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ८ सप्टेंबरला न्यायालयाने आधीच्या अकरा कागदांच्या जोडीला आधार बारावा कागद म्हणून घ्या असं सांगितलं, ओळखीसाठी, नागरिकत्वासाठी नाही. म्हणजे २००३ मध्ये होता तो प्रश्न तिथेच आहे.

१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळाचं तुलनेने सोपं आहे. सुधारित कायद्याने शाळा, मतदार यादी, आधार या सगळ्यासाठी जन्म दाखला पुरेसा केला. खरी अडचण त्याच्या आजीची आहे. ती घरी जन्मली, शाळेत गेली नाही. तिला उशिरा नोंदणीसाठी तहसीलचा रस्ता धरावा लागतो, आणि तिथे मागतात शाळेच्या रजिस्टरचा उतारा, नाहीतर जन्माची कुठलीतरी जुनी नोंद. शाळेत न गेलेल्या बाईने उतारा कुठून आणायचा, याचं उत्तर फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात नाही.