पार्श्वभूमी : विधानसभेच्या २८८ जागा आणि जिल्ह्याची चौकट

निकालाच्या दिवशी जिल्हानिहाय बलाबलाचे तक्ते झळकू लागले की जिल्हा हाच निवडणुकीचा घटक असावा, असे वाटू लागते. कायद्याच्या दृष्टीने घटक असतो मतदारसंघ. जिल्ह्याचा संबंध येतो तो दोन ठिकाणी. एक, जिल्हाधिकारीच जिल्हा निवडणूक अधिकारी असतो. मतदानयंत्रे, कर्मचारी, बंदोबस्त हे सारे त्याच्याकडून हलते. दुसरा संबंध जुना आणि जास्त खोल आहे. आजचे मतदारसंघ आखताना आधी जागा जिल्ह्यांना वाटल्या गेल्या आणि मग जिल्ह्याच्या हद्दीत त्यांचे तुकडे पाडले गेले. 'आमच्या जिल्ह्याच्या जागा कमी केल्या' ही तक्रार समजून घ्यायची तर हा क्रम लक्षात ठेवावा लागतो.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. १९५७ची निवडणूक द्विभाषिक मुंबई राज्याची होती, जागा ३९६. राज्य विभागले तेव्हा त्यातल्या १३२ गुजरातकडे गेल्या, २६४ महाराष्ट्राकडे राहिल्या. द्विसदस्य मतदारसंघ १९६१च्या कायद्याने मोडीत निघाले आणि १९६२पासून एक मतदारसंघ, एक आमदार ही पद्धत रुळली. १९६७मध्ये जागा २७० झाल्या आणि १९७८मध्ये २८८. तो आकडा आजही तसाच आहे.

१९७१च्या जनगणनेवर आखलेल्या मतदारसंघांवर १९७८ ते २००४ अशा सात निवडणुका झाल्या. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या गोठवली होती. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये, हे त्यामागचे कारण. राज्याराज्यांतला समतोल त्यामुळे टिकला, पण राज्याच्या आतले चित्र मात्र पार बदलून गेले. गिरणगाव रिकामे होत गेले आणि कल्याण, वसई, मीरा-भाईंदर फुगत गेले. तरीही मुंबई शहराच्या १७ जागा होत्या आणि अख्ख्या ठाणे जिल्ह्याच्या १३.

दुरुस्तीचा मार्ग २००१ ते २००३ या काळात निघाला. चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने एकूण जागांचे गोठवणे २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवले, सत्त्याऐंशीव्या दुरुस्तीने राज्यांतर्गत फेररचनेसाठी २००१ची लोकसंख्या धरली. म्हणजे २८८ कायम ठेवायच्या, वाटप मात्र नव्याने करायचे.

वाटपाची रीत साधी होती. राज्याची लोकसंख्या ९,६८,७८,६२७. तिला २८८ने भागले की एका जागेमागे सरासरी ३,३६,३८४ माणसे येतात. जिल्ह्याच्या लोकसंख्येला याच आकड्याने भागायचे आणि पूर्णांक करायचा. मुंबई शहर ३३,३८,०३१, म्हणजे ९.९२, म्हणून १० जागा. उपनगर ८६,४०,४१९, म्हणजे २५.६९, म्हणून २६. ठाण्याला २४.१७वरून २४ मिळाल्या. जिल्ह्याच्या आत मतदारसंघ पाडताना सरासरीपासून साधारण दहा टक्के इकडेतिकडे चालेल, अशी मुभा होती. प्रशासकीय हद्द शक्यतो मोडायची नाही, भूभाग सलग हवा आणि विधानसभेचा मतदारसंघ पूर्णपणे एकाच लोकसभा मतदारसंघात बसला पाहिजे. ४८ लोकसभा मतदारसंघ, प्रत्येकात सहा विधानसभा, हे गणितही त्याच वेळी जुळवायचे होते. जिल्हा न ओलांडण्याचे पथ्य लोकसभेला नसल्याने मावळसारखा पनवेल, कर्जत, उरण आणि पिंपरी-चिंचवड एकत्र बांधणारा मतदारसंघ तयार झाला.

कोकणाने या रीतीवर सर्वाधिक राग धरला. रत्नागिरीच्या सातच्या पाच जागा झाल्या, सिंधुदुर्गाच्या चारच्या तीन. खेड आणि संगमेश्वर ही नावेच यादीतून गेली. खेड तालुका दापोली आणि गुहागर मतदारसंघांत विभागला गेला. विदर्भाच्या ६६ जागांच्या ६२ झाल्या. 'ग्रामीण भागाच्या जागा शहरांनी खाल्ल्या' हे वाक्य तेव्हापासून रूढ झाले. ते अर्धेच खरे आहे. सर्वाधिक जागा गमावल्या त्या मुंबई शहराने, एकदम सात. सिंधुदुर्गाचा भागाकार २.५८ येतो, पूर्णांक करताना जिल्हा फायद्यातच राहिला. तिथे एका जागेमागे २ लाख ९० हजारांच्या आत माणसे आली, शेजारच्या कोल्हापुरात ३ लाख ५२ हजार. तक्रारीतला वजनदार भाग वेगळाच आहे: सूत्रात क्षेत्रफळाला स्थान नाही. १४,४१२ चौरस किलोमीटरच्या गडचिरोलीला तीन आमदार आणि १५७ चौरस किलोमीटरच्या मुंबई शहराला दहा. दुसरा आक्षेप प्रक्रियेवर होता. मतदारसंघ आखणाऱ्या परिसीमन आयोगात सहयोगी सदस्य म्हणून पाच खासदार आणि पाच आमदार बसत, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता आणि राजपत्रात आलेल्या आदेशाला न्यायालयात आव्हान देण्याची सोय नव्हती.

राखीव जागांचा बदल याहून मोठा होता, तरी त्याची चर्चा कमी झाली. अनुसूचित जातींच्या १८च्या २९ झाल्या, जमातींच्या २२च्या २५. पहिली उडी निव्वळ लोकसंख्यावाढीने येत नाही. १९९०च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या यादीत समावेश झाला आणि त्यानंतरच्या जनगणनांत राज्यातला हा वाटा दहा टक्क्यांवर गेला. १९७१च्या गणनेत धर्मांतरित बौद्ध या रकान्यात नव्हतेच. जागा ठरवण्याचे नियमही दोन. जमातींसाठी जिथे प्रमाण सर्वाधिक तिथे, म्हणून नंदुरबारच्या चारही आणि गडचिरोलीच्या तिन्ही जागा राखीव. जातींसाठी मात्र प्रमाण पाहायचे आणि जागा राज्यभर पसरवायच्याही. महापालिका-जिल्हा परिषदेसारखी सोडत इथे नसते. पुढची फेररचना होईपर्यंत राखीव जागा राखीवच राहते. प्रचारात 'पुढच्या वेळी खुला होईल' असे सांगणारे भेटतात, त्याला आधार नाही.

फेररचनेचा आदेश १९ फेब्रुवारी २००८ला लागू झाला आणि २००९ची निवडणूक नव्या हद्दींवर झाली. त्यामुळे २००४ आणि २००९चे निकाल नुसते नाव पाहून शेजारी ठेवणे चुकीचे आहे. दापोली तीच असली तरी तिच्यात खेडचा भाग नव्याने आलेला असतो. शिवाय हद्दी लागू झाल्या तेव्हाच आकडे शिळे होऊ लागले होते. २०११च्या जनगणनेत मुंबई शहर आणखी घटले आणि ठाणे एक कोटी दहा लाखांवर गेले. २०२४मध्ये पनवेल आणि चिंचवड या दोन्ही ठिकाणी सहा लाखांहून जास्त मतदार होते, वडाळ्यात जेमतेम दोन लाख.

१ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा जिल्ह्याची चौकट आणखी सैल झाली. चोवीस जागांचे १८ आणि ६ असे वाटे सांगितले जातात, पण मतदारसंघांच्या हद्दी हलल्या नाहीत. वाडा तालुका पालघरमध्ये गेला आणि त्याची महसूल मंडळे विक्रमगड, भिवंडी ग्रामीण व शहापूर अशा तीन मतदारसंघांत राहिली. यातले शेवटचे दोन ठाण्यात मोजले जातात. वाड्यातल्या अनेक मतदारांचा जिल्हाधिकारी पालघरला आणि मतमोजणी ठाणे जिल्ह्यात, असे त्यामुळे होते. जिल्हानिहाय तक्ते करताना इथेच हमखास चूक होते.

नावांचेही तेच. औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर जिल्ह्यांची नावे बदलली, तरी २०२४च्या निवडणुकीत मतदारसंघ औरंगाबाद पूर्व, उस्मानाबाद आणि अहमदनगर शहर याच नावांनी लढवले गेले, कारण २००८च्या आदेशात ती तशी छापली आहेत.