साइट उघडली नाही म्हणजे सरकारनं बंद केली?

परवा नवी पेठेतल्या एका चादरीच्या दुकानात मालकानं मोबाईल पुढे केला. "बघा की ओ, ही पण साइट सरकारनं बंद केली!" स्क्रीनवर होतं, 'सर्व्हरचा पत्ता सापडला नाही'. दुसऱ्या दोन साइट टाकून बघितल्या, त्याही उघडेनात. राउटर बंद करून चालू केला, सगळं सुरळीत.

हा समज जुना आहे आणि पूर्ण खोटाही नाही, म्हणूनच टिकतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 69-अ खाली केंद्र सरकार साइट, अ‍ॅप बंद करू शकतं. 29 जून 2020 ला टिकटॉकसह 59 अ‍ॅप्स गेली ती यानंच. न्यायालयंही असे आदेश देतात, पायरसीच्या साइट बहुधा त्यातल्या.

आदेश वरून येतो, पण अंमल इंटरनेट कंपन्या करतात, प्रत्येकीची रीत निराळी. कुणी साइटचा पत्ताच चुकीचा सांगतं, कुणी जोडणी मध्येच तोडतं. म्हणून बंदी असलेली साइट एका सिमवर उघडते, दुसऱ्यावर नाही. कधी 'दूरसंचार विभागाच्या आदेशानुसार बंद' अशी पाटी दिसते, पण पाटी नाही म्हणजे बंदी नाही, असंही नव्हे. कलम 69-अ खालच्या 2009 च्या नियमांत हे आदेश गोपनीय ठेवायची तरतूद आहे. यादी मागून मिळत नाही. खरा वैताग हाच.

आणि ब्राउझरच्या इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी मोडनं बंदी उठत नाही. तो फक्त तुमच्या फोनमधली हिस्ट्री ठेवत नाही.