विविधतेचा आकडा कमी आला, म्हणजे नमुना वाईट का?

सूक्ष्मजीव-विविधता तपासणीच्या अहवालासोबतचे माहितीपत्रक

अहवाल पोहोचला की एक-दोन दिवसांत हमखास फोन येतो : "मातीत हजारो प्रकार दाखवलेत आणि त्याच जागेच्या पाण्यात काहीशेच. पाणी बिघडलंय का?" बहुतेक वेळा पाणी ठीक असतं, तुलना चुकलेली असते. मातीचा आकडा मातीच्या आकड्याशीच ताडून पाहायचा, पाण्याचा पाण्याशी. असं का, ते इथे सांगतो.

एक ग्रॅम सुपीक मातीत साधारण शंभर कोटी जिवाणू असतात. पण खरी गंमत संख्येत नाही, माती ही एकच जागा नसण्यात आहे. मातीच्या एकाच बारीक ढेकळाच्या बाहेरच्या अंगाला ऑक्सिजन खेळता असतो, गाभ्यात तो जवळजवळ नसतो. मुळाशेजारी साखरेची चंगळ, तिथून बोटभर अंतरावर उपासमार. शिवाय दोन पोकळ्यांमधलं पाणी आटलं की शेजाऱ्याचा शेजाऱ्याशी संबंध तुटतो, त्यामुळे एखादा दांडगा जिवाणू बाकीच्यांना सहज हुसकावू शकत नाही. समुद्राचं पाणी याच्या अगदी उलट. वरच्या थरातल्या एका मिलिलीटरमध्ये दहा लाखांच्या आसपास जिवाणू असतात, पण तिथे सगळं सतत ढवळलं जातं आणि अन्न विरळ असतं. म्हणून थोडक्यात भागवणारे मोजके गट वरचढ ठरतात. एसएआर-११ या एकाच गटाचा वाटा साधारण एक चतुर्थांश भरतो.

उष्ण प्रदेशात झाडं आणि कीटक यांची विविधता जास्त, म्हणून जिवाणूंचीही जास्त असणार, असं आम्हालाही एकेकाळी वाटायचं. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या ९८ मातींचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वेगळंच दिसलं. जिवाणूंची विविधता तापमानावर किंवा अक्षांशावर नाही, तर मातीच्या सामूवर (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचं माप) ठरत होती. उदासीन मातीत सर्वांत जास्त, आम्लधर्मी मातीत कमी. त्या नमुन्यांतली सर्वांत आम्लधर्मी आणि जिवाणूंच्या दृष्टीने सर्वांत कमी विविध माती होती पेरूतल्या अॅमेझॉनच्या जंगलातली! पुढच्याच वर्षी जगभरातल्या निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा जिवाणूंच्या वस्त्या वेगळ्या पाडणारा सर्वांत मोठा घटक क्षारता निघाला. खाऱ्या पाण्यात पेशीला आतलं पाणी टिकवायलाच शक्ती खर्चावी लागते, आणि ते सगळ्यांना जमत नाही.

टोकाचं उदाहरण हवंच असेल तर दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोलवर मिळालेल्या पाण्याचं घ्या. २००८ मधल्या त्या अहवालात ९९.९ टक्क्यांहून अधिक डीएनए एकाच जिवाणूचा निघाला. तो सल्फेटवर ऊर्जा मिळवतो, कार्बन आणि नायट्रोजनही स्वतःच बांधून घेतो. म्हणजे विविधता जवळपास शून्य आणि तरी तिथलं सगळं सुरळीत.

आकडा काढतो कसा

पेट्री डिशवर वाढवून मोजण्याची जुनी पद्धत तुमच्या परिचयाची असेल. मातीतल्या शंभर जिवाणूंपैकी डिशवर जेमतेम एखादाच उगवतो, म्हणून तो जुना अहवाल आणि आमचा अहवाल शेजारी ठेवू नका. आम्ही नमुन्यातला डीएनए वेगळा करतो आणि सोळा-एस हे जनुक वाचतो. ते डीएनएच्या सुमारे १,५०० अक्षरांचं असतं आणि सगळ्या जिवाणूंत आढळतं, पण प्रकारागणिक थोडं बदलतं, त्यावरून प्रकार ओळखता येतात. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी याच जनुकापासून तयार होणारा आरएनए तपासून १९७७ मध्ये आर्किया (जिवाणूंसारखेच दिसणारे सूक्ष्मजीव) हा वेगळाच वंश असल्याचं दाखवलं. (या जनुकाच्या प्रती वाढवायला आम्ही वापरतो ते विकर मूळचं यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यातल्या जिवाणूचं. त्या जिवाणूची नोंद १९६९ ची. तुमच्या प्रत्येक अहवालामागे त्याचा हात आहे.)

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. एका जिवाणूत या जनुकाची एकच प्रत असते, तर दुसऱ्यात पंधरापर्यंत, म्हणून अहवालातली टक्केवारी ही वाचलेल्या तुकड्यांची आहे, जिवाणूंच्या डोक्यांची नाही. मेलेल्या पेशींचा डीएनएही त्यात येतो. बुरशी या तपासणीत येतच नाही, तिची तपासणी वेगळी मागवावी लागते.

अहवालातल्या शॅनन निर्देशांकाबद्दलही विचारणा होते. प्रकार किती आणि ते किती सारख्या प्रमाणात आहेत, हे दोन्ही मिळून सांगणारा हा आकडा. समजा, दोन नमुन्यांत शंभर-शंभर प्रकार आहेत. पहिल्यात सगळे सारख्या प्रमाणात आहेत, तर निर्देशांक ४.६ येतो. दुसऱ्यात एकाच प्रकाराने ९० टक्के जागा व्यापली आहे आणि उरलेल्या जागेत बाकीचे सारख्या प्रमाणात आहेत, तर तो ०.८ च्या आसपास उतरतो. म्हणून प्रकारांची संख्या आणि हा निर्देशांक दोन्ही एकत्र वाचा.

नमुना पाठवताना

निर्जंतुक डबी वापरा, हात लावू नका. एका जागेची माती चार-पाच ठिकाणांहून, एकाच खोलीवरून घ्या आणि मिसळा. थंड ठेवून लवकरात लवकर पोहोचवा, उबेत राहिलेल्या डबीत जलद वाढणारे जिवाणू बाकीच्यांना झाकून टाकतात. फॉर्मवरचे खोली, सामू आणि क्षारता हे तीन रकाने बरेच जण रिकामे सोडतात. ते भरलेले असले, तर तुमचा आकडा कोणत्या नमुन्यांशी ताडून पाहायचा हे आम्हाला अहवालातच लिहिता येतं, आणि तो फोन करावा लागत नाही.