वॉलमार्टची विनंती आणि टेक्ससची पाटी

अमेरिकेतल्या वॉलमार्टमध्ये बंदूक घेऊन जायला बंदी आहे, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. पण २०१९ मध्ये वॉलमार्टने जे जाहीर केलं ती विनंती होती. याउलट टेक्ससमधल्या काही दुकानांच्या दारावर जी भलीमोठी पाटी दिसते, ती फौजदारी कायद्याची नोटीस आहे. हेतू दोन्हींचा जवळपास एकच, गिऱ्हाइकाने बंदूक बाहेर ठेवून यावं. म्हणूनच गल्लत होते. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन इथे आता मराठी कुटुंबं भरपूर आहेत, कुणी तिथे दुकान चालवतं, कुणी काउंटरवर उभं असतं. त्यांच्यासाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे.

आधी वॉलमार्टचं पाहू. ३ ऑगस्ट २०१९ ला टेक्ससमधल्या एल पासो शहरातल्या वॉलमार्टमध्ये एका बंदूकधाऱ्याने गोळीबार केला, त्यात २३ जणांचा जीव गेला. पाचच दिवसांनी मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डमध्ये एक तरुण अंगात चिलखती जाकीट घालून आणि रायफल घेऊन वॉलमार्टमध्ये शिरला. शस्त्र बाळगायचा आपला हक्क दुकान मानतं का, ते तपासायला आलो होतो, असं त्याचं म्हणणं! आत लोक जीव मुठीत धरून पळत सुटले होते. महिनाभराने, ३ सप्टेंबरला, कंपनीने जे जाहीर केलं त्यात दोन गोष्टी होत्या. हँडगनच्या, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या, गोळ्यांची विक्री आहे तो साठा संपला की बंद, हा पक्का निर्णय होता. दुसरी होती ती विनंती: ज्या राज्यांत शस्त्र उघडपणे बाळगायची मुभा आहे तिथेही कृपया तसं आत येऊ नका. परवानाधारकाने कपड्याआड ठेवलेल्या पिस्तुलाबद्दल मात्र काहीच बदललं नाही. क्रोगर ही किराणा साखळी आणि सीव्हीएस, वॉलग्रीन्स या औषधदुकानांच्या साखळ्या यांनीही त्याच आठवड्यात अशाच विनंत्या केल्या.

बंदी का नाही घातली? याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर २०१३ मध्ये स्टारबक्सचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी खुल्या पत्रात दिलं होतं. बंदी घातली तर ती राबवायची कुणी? कॉफी बनवणाऱ्या पोरांना हत्यारबंद गिऱ्हाइकासमोर उभं करावं लागेल, आणि ते आपल्याला मान्य नाही, असा त्यांचा मुद्दा होता. तो मला पूर्ण पटतो. आपल्याकडे मॉलच्या दारात मेटल डिटेक्टर असतो, बॅग उघडून दाखवावी लागते. तिथल्या दुकानांत अशी झडती सहसा नसते. नियम मोडणाऱ्याशी गाठ पडते ती थेट आत, तो ट्रॉली ढकलत असताना.

आता टेक्ससची पाटी. तिथल्या दंडसंहितेचं कलम ३०.०६ परवानाधारकाच्या झाकलेल्या हँडगनसाठी आहे आणि ३०.०७ उघड्या हँडगनसाठी. हे दुसरं कलम १ जानेवारी २०१६ पासून आलं, कारण त्याच दिवशी परवानाधारकांना हँडगन उघडपणे बाळगायची मुभा मिळाली. पाटीवर काय लिहायचं, हे दुकानदाराच्या मर्जीवर नाही. मजकूर कायद्यातच ठरवून दिलाय, कलमाच्या आकड्यांनी भरलेलं एक लांबलचक वाक्य. ते इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत हवं, अक्षरं किमान एक इंच उंचीची, पार्श्वभूमीवर उठून दिसणारी, आणि ३०.०७ ची पाटी प्रत्येक प्रवेशद्वारावर. दोन्ही कलमांच्या पाट्या लावल्या की दाराची निम्मी काच भरून जाते. अनेक दुकानदार केवळ त्या रूपामुळे टाळतात. अशी पाटी असताना परवानाधारक हँडगन घेऊन आत आला, तर तो तिथेच गुन्हा होतो, दंड २०० डॉलरपर्यंत. कुणी त्याला हटकण्याचीसुद्धा गरज नाही.

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये हँडगनला परवानाही सक्तीचा राहिला नाही. बिनपरवाना माणसासाठी सर्वसाधारण अतिक्रमणाचं कलम ३०.०५ आहे, त्याचीही पाटी लावता येते. पण ती परवानाधारकाच्या हँडगनला लागू पडत नाही. पिस्तुलावर लाल रेघ मारलेलं ते छोटं स्टिकरही परवानाधारकाला बांधून ठेवत नाही. लोक नेमके इथेच फसतात. मालक स्टिकर लावून निश्चिंत होतो, आणि कायद्याच्या नजरेत त्याने परवानाधारकाला काही सांगितलेलंच नसतं.

विनंती मात्र अगदीच पोकळ आहे, असंही समजू नका. दुकान खासगी मालमत्ता आहे. शस्त्र बाळगायचा हक्क देणारी अमेरिकन घटनेची दुसरी दुरुस्ती सरकारचे हात बांधते, दुकानमालकाचे नाही. कुणाला आत ठेवायचं, हे मालक ठरवू शकतो. त्याने किंवा त्याच्या माणसाने समोरच्याला ‘बंदूक घेऊन बाहेर जा’ असं तोंडाने सांगितलं आणि तो हलला नाही, तर ते अतिक्रमण. बऱ्याच राज्यांत पाटीला वेगळं कायदेशीर वजन नाही, तिथे गुन्हा सुरू होतो तो या तोंडी सूचनेपासूनच. टेक्ससमध्ये तर सांगूनही न निघणाऱ्याला एक वर्षापर्यंत तुरुंग आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे विनंतीला धार आणायची, तर कुणाला तरी तोंड उघडावं लागतं, आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा तासाच्या पगारावर काम करणारा असतो. पाटी निदान ते ओझं त्याच्या डोक्यावरून थोडं उतरवते. म्हणून ज्या मालकाला खरंच बंदूक नको आहे, त्याने टेक्ससमध्ये तरी विनंतीवर थांबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हवाई या राज्याने २०२३ मध्ये सगळंच उलटं केलं. मालकाने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय दुकानात बंदूक न्यायचीच नाही, असा कायदा केला. म्हणजे पाटी लावायची ती ‘आणा’ म्हणणाऱ्याने. त्याला आव्हान मिळालं आणि वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

टेक्ससमध्ये दुकान असेल, तर दारावर ३०.०६ हवी, ३०.०७ हवी की दोन्ही, हे आधी ठरवा. तिथल्या एचईबी या किराणा साखळीने २०१६ मध्ये उघडी हँडगन नको म्हटलं, परवानाधारकाची झाकलेली चालेल म्हटलं. असा मधला मार्गही आहे. बिनपरवाना हत्यारही नको असेल, तर ३०.०५ ची पाटी सोबत लावा. आणि काउंटरवरच्या माणसाला एवढं सांगून ठेवा, की कुणी पाटी न जुमानता आत आलाच, तर वाद घालू नकोस, मागे जाऊन ९११ हा पोलिसांचा आणीबाणीचा नंबर लाव.