काळ्या कातळावरचं तेल

निपाणी-चिकोडीकडे बोअर मारताना लागणारा काळा कातळ गुजरातमध्ये अंकलेश्वरच्या तेलक्षेत्राखालीही आहे, फक्त तिथे तो काही किलोमीटर खोल गाडला गेलाय. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाचाच तो भाग. आपल्याकडे तो उघडा राहिला. कुठे त्याच्या माथ्यावर जांभा झाला, कुठे झिजून काळी माती. अंकलेश्वर ज्यात येतं त्या खंबायतच्या पट्ट्यात मात्र जमीन फाटून खचत गेली, समुद्र आत शिरला आणि खचलेल्या कातळावर गाळाचे थर चढले. बेळगावात तेल का नाही, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

त्या गाळातल्या काळ्या चिखलात सूक्ष्म जीवांचे आणि वनस्पतींचे अवशेष होते. प्राणवायूअभावी ते पुरते कुजले नाहीत. वरून ओझं वाढलं, खालून उष्णता मिळाली आणि लाखो वर्षांत त्यांचं तेल झालं. हलकं असल्याने ते वर सरकलं आणि इओसीन काळातल्या (साधारण ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या) वाळूच्या खडकांत अडकलं. नद्यांनी मुखाशी आणून टाकलेली ही वाळू. तिचे थर पुढे भूगर्भातल्या दाबाने वर फुगले आणि चिकणमातीच्या थरांनी त्यांना झाकण घातलं.

जमिनीखाली तेलाचं तळं असतं, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. पावसाळ्यात खानापूरचा जांभ्याचा चिरा जसा पाणी धरून ठेवतो, तसं तेल वाळूच्या कणांमधल्या फटींत असतं. गोकाकच्या धबधब्याचा खडकही मुळात वाळूचाच, पण शंभर कोटी वर्षांहून जुना. त्याचे कण इतके घट्ट सांधले गेलेत की फटी जवळजवळ उरलेल्याच नाहीत.

तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाला १९५८ साली खंबायतजवळ लुणेजला तेल लागलं आणि १९६० साली अंकलेश्वरला. तिथल्या पहिल्या विहिरीला नेहरूंनी 'वसुधारा' हे नाव दिलं. पुढे १९६५ साली बडोद्याजवळ कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला.

सुरुवातीला तेल भूगर्भातल्या दाबानेच वर येतं. उपसा वाढला की दाब उतरतो आणि तेलात विरघळलेला वायू बुडबुडे होऊन सुटतो. मग मागे उरलेलं तेल घट्ट होतं, हलेनासं होतं. म्हणून अंकलेश्वरला साठच्या दशकातच क्षेत्राच्या कडेच्या विहिरींतून पाणी आत सोडायला सुरुवात झाली. क्षेत्र तरुण असतानाच घेतलेला हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. हे पाणी दाब टिकवतं आणि तेलाला उत्पादक विहिरींकडे ढकलतं.

पण पाणी सगळ्या थरांतून सारखं जात नाही. जिथे फटी मोठ्या, तिथून ते आधी धावतं आणि थेट उत्पादक विहिरीत उतरतं. क्षेत्राचं वय वाढतं तसा विहिरीतून येणाऱ्या द्रवात पाण्याचा वाटा चढत जातो आणि जुन्या विहिरींत ते तेलापेक्षा कितीतरी जास्त निघतं. मग पाण्याने भरलेला थर सिमेंटने बुजवायचा, दुसरा थर उघडायचा, आणि तेल आपणहून वर येईना झालं की विहिरीत वायू सोडून ते हलकं करत वर आणायचं, अशी वर्षानुवर्षांची चिकाटी लागते.

एवढं करूनही तेलक्षेत्रांतून साधारण एक तृतीयांश तेलच हाती येतं. बाकीचं कणांना चिकटून किंवा बारीक फटींत थेंबाथेंबाने अडकून राहतं, आणि पाणी त्याला वळसा घालून निघून जातं. पाण्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू आत सोडला तर तो मात्र पुरेशा दाबाखाली तेलातच मिसळतो, त्याला फुगवतो, पातळ करतो. त्यामुळे ते थेंब पुन्हा सरकू लागतात आणि आत सोडलेल्या वायूचा बराच भाग त्यांनी मोकळ्या केलेल्या फटींत कायमचा राहतो.