सायनसच्या निचऱ्याची वाट

गालाच्या हाडाच्या आत, डोळ्याच्या खाली, दोन्ही बाजूंना एकेक पोकळी, म्हणजे सायनस, असते. तिच्यातला चिकट स्राव नाकात उतरण्याचे छिद्र तळाशी असेल असे कोणालाही वाटेल, परंतु ते पोकळीच्या छताजवळ असते. म्हणजे आपण उभे किंवा बसलेले असताना हा स्राव चढणीनेच बाहेर पडतो. अस्तरावरचे सूक्ष्म केस सेकंदाला सुमारे १० ते १५ वेळा हलून त्याचा पातळ थर ठरावीक मार्गाने छिद्राकडे ढकलत राहतात. ऑस्ट्रियातील ग्राझचे डॉक्टर वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी या मार्गाचा बारकाईने अभ्यास केला. पोकळीला खालच्या बाजूने नवे छिद्र पाडले, तरी केस स्राव वरच्या मूळ छिद्राकडेच नेतात, हे लक्षात आल्यावर सायनसच्या शस्त्रक्रियेची दिशाच बदलली.

नाक चोंदणे, घट्ट स्राव येणे किंवा घशात उतरणे, चेहऱ्यावर दडपण जाणवणे, वास न येणे अशी लक्षणे १२ आठवडे वा अधिक काळ राहिली आणि दुर्बिणीने किंवा सीटी स्कॅनमध्ये दाह दिसला, तर त्या आजाराला जुनाट सायनसदाह म्हणतात. बहुतेकांची समजूत अशी असते की आत जंतू अडकून पडले आहेत आणि जालीम प्रतिजैविक घेतले की ते मरतील. जुनाट आजारात मात्र मूळ दुखणे बहुधा अस्तराच्या दाहाचे असते: अस्तर सुजते, छिद्र अरुंद होते, केसांचे काम मंदावते, स्राव साचतो आणि साचलेला स्राव दाह आणखी वाढवतो. काहींच्या नाकात, विशेषतः दमा असलेल्यांच्या, द्राक्षासारखे फिकट कोंब वाढतात. 'नाकात मांस वाढले' असे आपण म्हणतो ते बऱ्याचदा हेच. एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव येत असेल, तर वरच्या दाढेचे मूळही तपासून घ्यावे. केवळ डोके दुखते म्हणून सायनसला दोष देणे मात्र चुकीचे ठरते, कारण अशा अनेकांना प्रत्यक्षात अर्धशिशी असते.

उपचाराचा पाया साधा आहे, पण चिकाटी मागतो. योगवर्गांमुळे परिचित असलेल्या जलनेतीसारखेच मिठाच्या पाण्याने नाक धुणे उपयोगी पडते. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा मीठ पुरे. पाणी उकळून कोमट केलेलेच हवे, कारण न उकळलेल्या पाण्यातील अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचून मृत्यू झाल्याच्या घटना आहेत. त्यानंतर स्टिरॉइडचा फवारा. त्याच्या नावाला घाबरून अनेक जण तो सोडतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन फवाऱ्यातून रक्तात फारच थोडे औषध जाते. मान किंचित खाली झुकवावी, डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरावा आणि नळीचे टोक मधल्या पडद्याकडे न ठेवता डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने धरावे. जोरात ओढून घेऊ नये. गुण येण्यास काही आठवडे लागतात. झटपट नाक मोकळे करणारे थेंब मात्र आठवडाभराहून अधिक वापरले, तर त्यांच्यामुळेच नाक पुन्हा चोंदू लागते.

डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले किंवा तापासह असह्य डोकेदुखी सुरू झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

औषधांनी भागले नाही तर दुर्बिणीच्या साहाय्याने मूळ छिद्रेच रुंद केली जातात. कोंब पुन्हा पुन्हा वाढणाऱ्यांसाठी २०१९ पासून डुपिलुमॅबसारखी इंजेक्शनेही आली आहेत, मात्र ती महाग आहेत. शस्त्रक्रिया झाली म्हणून धुणे आणि फवारा थांबत नाहीत. उलट रुंद झालेल्या वाटेने ते पाणी आणि औषध पूर्वी जिथे पोहोचत नव्हते, तिथे पहिल्यांदा पोहोचते.