बघ्यांची गर्दी (वन्यप्राणी-बचाव)

वस्तीत शिरलेल्या, विहिरीत पडलेल्या किंवा उसाच्या फडात दिसलेल्या वन्यप्राण्याला पाहायला जमणारा जमाव. मनुष्य-वन्यजीव संघर्षाच्या चर्चेत पिंजरे, नुकसानभरपाई, नरभक्षक असे विषय नेहमी येतात. या जमावाची दखल मात्र ‘बघ्यांनी एकच गर्दी केली’ एवढ्या एका वाक्यात उरकली जाते. खरे तर प्राणी आल्यापासून तो पकडला किंवा परत गेला तोवर जे अघटित घडते, त्यात या गर्दीचा वाटा बहुधा सर्वांत मोठा असतो.

रानातला कोणताही प्राणी माणूस दिसताच आधी निघून जायला पाहतो. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी या वागण्याचा बारकाईने अभ्यास केला. माणूस एका ठरावीक अंतराच्या आत आला की प्राणी पळतो. पळायला जागा नसेल आणि माणूस त्याहून जवळ आला, तर तोच प्राणी अंगावर येतो. हे अंतर जातीप्रमाणे बदलते, पिल्ले सोबत असतील तर वाढते, जखमी प्राण्याच्या बाबतीत त्याचा भरवसा धरता येत नाही. एकटा माणूस जवळ गेला तर प्राण्याला उरलेल्या तीन बाजू मोकळ्या असतात. जमाव चारही बाजू बंद करतो. मग बिबट्याने ‘हल्ला केला’ असे ज्याला म्हटले जाते, ते पुष्कळदा माणसांच्या फटीतून बाहेर पडण्यासाठी त्याने घेतलेली धाव असते. वाटेत जो येतो त्याला पंजा लागतो.

९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूड भागात एक रानगवा आला. गवा हा रानटी गुरांतला सर्वांत मोठा प्राणी. पूर्ण वाढलेला नर एक टनापर्यंत भरू शकतो. एवढा देह असूनही स्वभावाने तो बुजरा. महात्मा सोसायटीच्या परिसरात तो दिसला आणि बातमी मोबाइलवरून पसरली. पुढचे काही तास हा प्राणी सोसायट्यांच्या गल्ल्यांतून, भिंती आणि फाटकांना धडका देत धावत राहिला, आणि त्याच्या मागेपुढे माणसे. आरडाओरडा, गाड्या, गच्च्यांवरून होणारे चित्रण यांत वनविभागाच्या लोकांना काम करायला धड जागा मिळाली नाही. अखेर त्याला भूल देऊन, दोरांनी आवळून गाडीत घालण्यात आले. त्याच दिवशी तो मेला. गव्याने कोणाचाही जीव घेतला नव्हता.

अशा मृत्यूमागे जे घडते ते बाहेरून दिसत नाही. जिवाच्या आकांताने दीर्घकाळ पळणाऱ्या प्राण्याच्या स्नायूंत आम्ल साचते, शरीराचे तापमान वाढत जाते, स्नायूंचे तंतू तुटू लागतात. तुटलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी करतात. गवा, हरीण, सांबर अशा खुरांच्या प्राण्यांना याचा धोका विशेष असतो. प्राणी तिथल्या तिथे कोसळू शकतो, किंवा वरवर सुखरूप सुटून काही दिवसांनी मरतो. भूल देणे हा यावरचा बिनधोक उपाय नव्हे. औषधाची मात्रा अंदाजे वजनावर ठरते, आणि डार्ट (बंदुकीतून मारलेली औषधाची सुई) लागल्यावर गुंगी चढायला काही मिनिटांची पूर्ण शांतता लागते. बिथरलेल्या प्राण्याच्या रक्तातले ॲड्रेनलिन हे भीतीच्या वेळी स्रवणारे संप्रेरक औषधाला दाद देत नाही. मग मात्रा वाढवावी लागते आणि जिवाची जोखीमही. अर्धवट गुंगीतला बिबट्या तर शुद्धीतल्या बिबट्यापेक्षा अधिक धोकादायक. शिट्ट्या मारणाऱ्यांना हे कोणीतरी आधी सांगायला हवे.

त्याच महिन्यात पुण्याच्या बावधन भागात दुसरा गवा आला. या वेळी पोलिसांनी रस्ते अडवले, लोकांना लांब ठेवले गेले आणि जंगलाच्या दिशेची वाट मोकळी सोडण्यात आली. गवा परत गेला. शहर तेच आणि महिनाही तोच असताना पडलेला हा फरक, या विषयावर महाराष्ट्रात मिळालेला सर्वांत स्पष्ट पुरावा मानावा लागेल.

जुन्नर वनविभागात (जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे तालुके) प्रश्नाचे रूप वेगळे आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस वाढला आणि बिबट्यांच्या पिढ्या उसातच जन्मू लागल्या. ऊसतोडणीच्या हंगामात फडात बछडे सापडतात. मांजराच्या पिल्लाएवढा तो जीव. तो हातोहात फिरतो, त्याच्यासोबत फोटो निघतात. मादी त्या वेळी फार लांब नसते. माणसाचा वास लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खोटा आहे. वनकर्मचारी बछडे तपासून संध्याकाळी सापडलेल्या जागीच टोपलीत किंवा खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि अनेकदा मादी येऊन त्यांना एकेक करून घेऊन जाते. त्यासाठी फड निर्मनुष्य असावा लागतो. पिल्ले परत न मिळालेली मादी परिसरात घिरट्या घालत राहते आणि तोडणी कामगारांची कुटुंबे तर तिथेच कोप्यांत (तात्पुरत्या झोपड्यांत) राहतात. फोटो काढणारा घरी गेल्यावर धोका त्यांच्या वाट्याला उरतो.

विहिरीत पडलेल्या बिबट्याला आधी टेकायला फळी किंवा खाट सोडतात, मग पिंजरा. कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावर दाटी झाली, तर माणूसच आत पडण्याची भीती असते. वर डोक्यांची रांग दिसत असेपर्यंत घाबरलेला प्राणी पिंजऱ्याकडे वळत नाही.

ही वृत्ती केवळ गावाशहरांतली नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ ही वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या जिप्सींच्या कोंडाळ्यात अडकले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. तिथे तर प्रशिक्षित मार्गदर्शक गाडीत बसलेले होते.

कायद्यात आधार पुरेसा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत केवळ ठार मारणे येत नाही; प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. कलम २७ अभयारण्यात प्राण्याला छेडण्यास मनाई करते. बिबट्यांसंबंधी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०११ मध्ये आल्या, भरकटलेल्या वाघांसाठी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची कार्यपद्धती नंतर ठरली, आणि २०२३ मध्ये केंद्राने गर्दी-व्यवस्थापनावर स्वतंत्र सूचना काढल्या. जमावबंदी लागू करण्याचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली आहे. अडचण वेळेची असते. बातमी काही मिनिटांत पसरते, बचाव पथकाला मात्र कित्येकदा लांबून यावे लागते. तोवर जागेवर असतात एखादा वनरक्षक आणि ठाण्यातले दोनचार पोलिस. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात गावचे पोलिस पाटील, सरपंच किंवा सोसायटीचे पदाधिकारी काय करतात याला फार महत्त्व येते: मुलांना घरात घेणे, कुत्री बांधणे, प्राण्याच्या मागची बाजू मोकळी ठेवणे, ठिकाण समाजमाध्यमांवर न टाकणे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवणे. बिबट्या दिवसा झाडीत किंवा जिन्याखाली दडलेला असेल आणि त्याला कोणी डिवचले नाही, तर अंधार पडल्यावर तो बहुधा आपणहून निघून जातो.